खंडेनवमीला घासली, दिवाळीला गंजली: जुन्या लष्करी बंदुकीवर परत परत येणारा गंज

दसरा उलटला की माझ्याकडे जुन्या बंदुका यायला लागतात. कुणाच्या वाड्यातली ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायची), कुणाच्या पणजोबांची केपाची (दारूला ठिणगी देणारी छोटी टोपी बसवायची), एखाद्या संग्राहकाची मार्टिनी-हेन्री रायफल. तक्रार जवळजवळ ठरलेली असते: "नवमीला लख्ख केली होती हो, दिवाळीचा फराळ व्हायच्या आत पुन्हा लाल झाली." नाशिकमध्ये हे काम इतकी वर्षं करून माझं मत पक्कं झालं आहे. हा गंज हवेमुळे कमी येतो, आपण बंदुकीला जे लावतो त्यामुळे जास्त येतो. आणि तो घालवायला केलेली प्रत्येक घासणी बंदुकीची किंमतही घालवते. म्हणून साफसफाई आणि किंमत हे दोन विषय इथे एकत्रच घेतो.

आधी लक्षणं बघा

नळीवर हाताने धरतात त्या जागी बोटांच्या आकाराचे तांबूस डाग. घोड्याच्या (केपावर आपटणाऱ्या हातोडीच्या) मुळाशी आणि केप बसवायच्या निपलभोवती केशरी भुकटी. पितळी भाग लाकडाला टेकतो तिथे हिरवट, मेणचट थर. नळी भिंतीला टेकत होती त्या बाजूला लांबट पट्टा. दस्त्याखाली (बंदुकीच्या लाकडी भागाखाली) फळीवर बारीक पिवळा भुसा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पावसाळी दिवसांत लोखंडावर घामासारखे पिवळसर थेंब.

आता जे लक्षण नाही तेही सांगतो, कारण निम्मं नुकसान तिथेच होतं. गडद तपकिरी किंवा काळपट, गुळगुळीत, बोट फिरवल्यावर हाताला काहीच न लागणारा थर म्हणजे रोग नव्हे. तो लोखंडाचा जुना, स्थिरावलेला थर आहे आणि खालच्या धातूचं रक्षण करतो. जाणकार गिऱ्हाईक हाच थर शोधत असतो. अंजनेरीच्या नाणे संशोधन संस्थेत गेलेल्यांना हे सांगावं लागत नाही: घासून चमकवलेलं जुनं नाणं किंमत हरवून बसतं, बंदुकीचंही तसंच.

पहिली तपासणी, फुकटची आणि न टाळण्याची: आत बार, म्हणजे भरलेली दारू-गोळी, आहे का?

कापड हातात घेण्याआधी हे करा. ठासणीच्या बंदुका भरलेल्याच भिंतीवर टांगून ठेवायची पद्धत होती. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. ओली होऊन पुन्हा वाळलेली दारूही पेटू शकते, म्हणून "पुरात भिजली होती, आता काय होणार" हा हिशेब धरू नका.

लाकडाची किंवा बांबूची सरळ गोल काठी घ्या. बंदुकीचा लोखंडी गज वापरू नका. नळीचं तोंड माणसांपासून दूर ठेवा, स्वतः बाजूला उभे राहा आणि काठी हलकेच आत सोडा. ठोकायची नाही, रेटायची नाही. ती थांबेल तिथे नळीच्या तोंडापाशी काठीवर पेन्सिलीने खूण करा. मग काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून त्याच खुणेला धरा. काठीचं टोक निपलच्या किंवा रंजकाच्या (ठिणगी आत जायच्या) भोकाच्या जवळपास यायला हवं. त्याच्या अलीकडे थांबलं, तर आत काहीतरी आहे. कधी कुंभारमाशीचं मातीचं घर असतं, कधी चिंध्यांचा बोळा, पण आपण बार आहे असंच धरायचं. काम तिथेच थांबवा, बंदूक हलवू नका, मुलांना खोलीबाहेर काढा आणि पोलीस ठाण्याला कळवा.

मागून भरायच्या बंदुकीचं मागचं झाकण अडकून बसलं असेल, तर ते उघडायला जोर लावू नका. आत काडतूस दिसलं तरी थांबा. नळीत डोकावायचं असेल तर डोळा लावण्याऐवजी मोबाइलचा कॅमेरा धरा.

दुसरी तपासणी: कागद

खर्च शून्य, पण लोक ही शेवटी करतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य पद्धतीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे. मात्र अट अशी की ते दुरुस्त न करता किंवा दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. "जुनी आहे म्हणजे परवाना लागत नाही" हा समज म्हणूनच अर्धवट आहे. चालू स्थितीतली ठासणीची बंदूक केवळ वयामुळे सुटत नाही, आणि ती चालू आहे की नाही हे ठरवणं आपल्या हातात नाही. शहरात परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. वारसाने आलेली बंदूकही या हिशेबात धरली जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधारण माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात.

थ्री-नॉट-थ्री (.३०३) रायफलीबद्दल वेगळं सांगतो. तिचा बोअर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, आपल्याकडे लष्करी आणि प्रतिबंधित वर्गात मोडतो. "आजोबा महायुद्धात होते, त्यांची आहे" असं सांगत कुणी कागदाशिवाय ती घेऊन येतं, तेव्हा मी हात लावत नाही. सैनिकाची रायफल सरकारची मालमत्ता असते, घरी आणायची वस्तू नसते. माळ्यावर अशी काही सापडली, तर साफ करू नका आणि गाडीत घालून नेऊही नका. आधी वकिलाला विचारा आणि पोलिसांना कळवून ती रीतसर जमा करा. शस्त्र जमा करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

किंमतही इथूनच सुरू होते. कागद असलेली गंजकी बंदूक ही कागद नसलेल्या सुंदर बंदुकीपेक्षा नेहमीच मोलाची.

तिसरी तपासणी: पांढरं कापड

जुन्या सुती धोतराचा तुकडा घ्या, त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब टाका आणि डागावर न घासता नुसता फिरवा. कापड काळपट झालं तर तो जुनाच थर आहे, सोडून द्या. विटकरी लाल झालं तर गंज जिवंत आहे. हिरवं झालं तर पितळावर तेल-तूप साचून आंबलं आहे. तीन जागी तीन वेगळे तुकडे फिरवा, प्रत्येकावर जागा लिहा आणि जपून ठेवा. महिन्याने पुन्हा फिरवाल तेव्हा गंज वाढतोय की थांबलाय, हे अंदाजाने सांगावं लागणार नाही.

चौथी: बंदूक राहते कुठे?

नाशिकची हवा मे महिन्यात कोरडी असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये दमटपणा ८० टक्क्यांच्या वर जातो. इगतपुरी-त्र्यंबककडे परिस्थिती आणखी कठीण. हवेतला दमटपणा ६० टक्क्यांच्या वर गेला की लोखंड झपाट्याने गंजतं. पण माझ्या पाहण्यात हवेपेक्षा भिंत जास्त दोषी असते. पंचवटीत किंवा जुन्या नाशकात गंगेकाठच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, वाड्यांच्या भिंती खालून ओल ओढतात. बंदूक त्या भिंतीला टेकलेली असली की एकाच बाजूला लांबट पट्टा येतो. नदीतला दुतोंड्या मारुती (पुराची पातळी आम्ही याच मूर्तीवरून मोजतो) बुडाला की सराफबाजार, भांडीबाजारात पाणी शिरतं. २०१९ च्या पुरानंतर भिजलेल्या भिंती वाळायला किती काळ लागला ते तिथल्या लोकांना माहीत आहे.

उपाय स्वस्त आहे. दर्शनी भिंतीवरून बंदूक काढून आतल्या, कोरड्या भिंतीवर न्या आणि लाकडी खुंट्यांवर भिंतीपासून दोन-तीन बोटं पुढे ठेवा. कातडी म्यान किंवा गवसणी असेल तर ती वेगळी ठेवा. कातडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि क्षार लोखंडाला डसतात, शिवाय कातडं ओल धरून बसतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं तर सर्वांत वाईट, कारण आत अडकलेली वाफ रोज रात्री नळीवरच बसते. काचेच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या चालतात, मात्र त्यांचा रंग पालटला की त्या तापवून कोरड्या कराव्या लागतात. दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र फार महाग नसतं. आकडा ४५ ते ५५ च्या दरम्यान राहिला तर लोखंड आणि लाकूड दोन्ही सुखी. त्याहून फार खाली नेऊ नका, दस्ता तडकतो.

पाचवी: आजवर काय काय लावलं?

इथे खरं कारण सापडतं, म्हणून मी घरातल्या मोठ्या माणसाला बसवून विचारतो. सहसा पितळेची भांडी घासणाऱ्या बाईच उत्तर देतात: "काही नाही लावलं भाऊ, चिंच आणि रांगोळी फक्त." पितळेच्या समईला चिंच शोभते, कारण समई नंतर पाण्याने खळखळून धुतली जाते. बंदूक तशी धुता येत नाही. चिंच-लिंबाचं आम्ल पट्ट्यांखाली, स्क्रूच्या खाचेत, नळी आणि लाकडाच्या फटीत जाऊन बसतं आणि तिथून आठवड्या-दोन आठवड्यांत लाल होऊन बाहेर येतं. रांगोळीचे कण बारीक ओरखडे पाडतात, त्या ओरखड्यांत पुढचा गंज धरतो.

मग पूजा. खंडेनवमीला शस्त्र पुजायला माझा काडीचा विरोध नाही, मी स्वतः पुजतो. पण ओलं हळद-कुंकू, झेंडूचे पाकळ्यांसकट हार आणि वर शिंपडलेलं नारळाचं पाणी दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत लोखंडावर तसंच राहतं. नारळाच्या पाण्यात क्षार असतात, पूड ओल धरते, आणि नवरात्रात परतीच्या पावसाची हवा असतेच. गंध लावायचं तर दस्त्याच्या लाकडावर, तेही कोरड्या बोटाने. हार बंदुकीखालच्या पाटावर घाला, नारळ पुढे फोडा, आणि आरती झाल्यावर तासाभरात कोरड्या फडक्याने पुसा. देवाला यात काही कमी पडत नाही.

तिसरं म्हणजे खोबरेल. ते खवट होतं, चिकट होतं आणि धूळ धरतं. घोड्याभोवतीचा तो पिवळा चिकटा बहुतेक जुनं खोबरेलच असतं. चौथं कारण जुनं, बंदूक वापरात असतानाचं: केपांच्या मसाल्यातून उरलेले क्षार. जुन्या केपांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून पोटॅशियम क्लोराईड उरतं, आणि मिठासारखंच तेही हवेतलं पाणी ओढतं. निपलभोवती दर पावसाळ्यात केशरी भुकटी येते ती यामुळे. तेल लावून ती थांबत नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही.

सहावी: खुणा वाचा, मगच किमतीचं बोला

खुणा वाचण्याआधी काही घासू नका. उजेड एका बाजूने, तिरपा पाडा आणि मोबाइलने फोटो काढा. सपाट उजेडात न दिसणारी अक्षरं अशी उठून येतात.

घोड्याशेजारच्या लोखंडी पट्टीवर, म्हणजे लॉकवर, मागच्या पायांवर उभा सिंह असेल तर ती ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली असू शकते. मुकुट, त्याखाली व्ही आर ही अक्षरं आणि 'टॉवर' किंवा 'एनफिल्ड' (ब्रिटिश सरकारी शस्त्र-कोठार आणि कारखान्याची नावं) या शब्दासोबत साल असेल, तर व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल ०.५७७ इंची असते, तिची नळी ३९ इंच, नळी दस्त्याला जखडणाऱ्या तीन पट्ट्या, आणि नळीत तीन पिळदार खाचा. दिसायला अगदी तशीच, पण आतून गुळगुळीत आणि नेम धरायची पट्टी साधी असलेली बंदूक मिळाली, तर ती १८५८ च्या नमुन्याची असण्याची शक्यता आहे. १८५७ च्या उठावानंतर हिंदी पलटणींच्या हाती लांब पल्ल्याची रायफल द्यायची नाही म्हणून मुद्दाम ०.६५६ इंचाची, बिनखाचांची नळी बनवली गेली. लोकांना वाटतं खाचा झिजल्या. खाचा कधी नव्हत्याच, आणि त्या गुळगुळीत नळीतच आपला इतिहास आहे. अशी बंदूक कुणी सँडपेपरने आतून पॉलिश केली की मला मनापासून वाईट वाटतं.

नंतरच्या स्नायडर रायफलीत मागचं झाकण बाजूला उघडतं. १८७१ ला आलेल्या मार्टिनी-हेन्रीत खालची कडी ओढली की ठोकळा खाली जातो. देवनागरी आकडे आणि अक्षरं कोरलेली दिसली तर नेपाळी सैन्याचा विचार करा. दस्त्याच्या पितळी टाचेवर पलटणीचं नाव किंवा कोठाराचा क्रमांक असतो. लाकडात दाबलेले गोल शिक्केही पाहा, ते सँडपेपरच्या एका हातात नाहीसे होतात.

नकलीही भरपूर आहेत. लॉकवर १८०० च्या आसपासचं साल आणि घोडा मात्र केपाचा, हे जमत नाही, कारण केपाची लष्करी बंदूक १८४० च्या सुमाराला आली. अक्षरं उलटसुलट किंवा ओतीव, बोथट कडांची असणं, ओतकामाची शिवण राहिलेली दिसणं, सगळे स्क्रू एकसारखे नवे असणं, हीही लक्षणं ओळखा.

किंमत ठरते ती अस्सलपणा, सुटे भाग मूळचेच असणं, खुणा स्पष्ट असणं, कागद आणि घराण्याशी जोडलेला पुरावा यांवर. चमक या यादीत नाही. जुनं पत्र, फोटो, इनामाची नोंद असेल तर ती बंदुकीसोबतच ठेवा. परदेशातल्या लिलावांचे आकडे इंटरनेटवर पाहून आशा बांधू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची पुरावस्तू खासगी माणसाला निर्यात करता येत नाही, म्हणून तो बाजार आपला नाहीच.

सातवी: हळुवार सफाई

इथवर सगळं ठीक असेल तरच. आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ. मग बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळा आणि आम्ल लागलेल्या जागा फक्त पुसा. बाटली नीट वाचून घ्या, बॅटरीचं आम्ल वेगळं असतं. लगेच कोरड्या कापडाने पुसा आणि गार वाऱ्यावर वाळवा. नळाचं पाणी नको, त्यात क्षार असतात. हे चार-पाच दिवसांच्या अंतराने पुन्हा करावं लागेल, एका दिवसात फटीतलं आम्ल निघत नाही.

जिवंत लाल डागावर पातळ तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी बांबूच्या चपट्या काडीने गंज उकरून काढा. त्यानेही न निघालेला खपला तांब्याच्या जुन्या पैशाच्या कडेने सरकवता येतो. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पैशावर उमटतो, नळीवर नाही. पैसा जवळजवळ आडवा धरा, एकाच दिशेने सरकवा, दर दोन-चार हातांनी पुसून बघा. खालचा तपकिरी थर दिसला की थांबा. पांढरं लोखंड दिसेपर्यंत जाऊ नका.

पितळ फक्त पुसा. लाकडाला पाणी, सँडपेपर, चकचकीत व्हार्निश काहीही नको, कोरड्या फडक्याने पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (खनिज तेलापासून बनणाऱ्या बारीक कणांच्या मेणाचा) अगदी पातळ हात द्या. तेच मेण लोखंडावरही चालतं आणि तेलापेक्षा जास्त टिकतं, धूळही धरत नाही. जवसाचं तेल कुणी वापरलंच, तर त्याचे बोळे गोळा करून टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा. पुढे बंदूक हाताळताना सुती हातमोजे घाला. त्या बोटांच्या आकाराच्या डागांचं कारण हाताचा घाम आहे.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

लॉक खोलायचा मोह होतो. स्क्रूच्या खाचेत बरोबर न बसणारा पेचकस फिरला की खाच फाटते, आणि फाटलेली खाच पाहून गिऱ्हाईक ओळखतं की इथे कुणीतरी हात घातला. आत ताणलेली कमान (स्प्रिंग) असते, ती निसटली तर बोट जातं. गंजून बसलेलं निपल पक्कडीने फिरवू नका. घोडा रिकाम्या निपलवर आपटू नका, दोन्ही तडकतात. नळीच्या आतले क्षार काढणं, घामासारखे पिवळे थेंब, पापुद्रे सुटणारा गंज, दस्त्यातला भुसा म्हणजे लाकडातली कीड, ही सगळी कामं घरची नाहीत. थेंब दिसले म्हणजे क्लोराईड खोल गेलं आहे, आणि ते संवर्धकाच्या प्रयोगशाळेतच निघतं.

अंबड-सातपूरच्या बफिंगच्या दुकानात नेऊ नका. तिथली माणसं आपल्या कामात हुशार आहेत, पण त्यांचं चाक पाच मिनिटांत सिंह, मुकुट आणि साल सपाट करतं. निकेलचा मुलामा दिलेली एनफिल्ड पुन्हा कधीच एनफिल्ड होत नाही. शिवाय बंदुकीची दुरुस्ती करायलाही कायद्याने परवाना लागतो, म्हणून यांत्रिक काम फक्त परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडेच, आणि तुमच्या कागदांसह.

वस्तू पुरातन आहे का हे विचारायला सरकारवाड्यातल्या पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयात जा, सोबत बंदूक नव्हे, फोटो न्या. संवर्धनासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे. त्यांना पाठवायच्या फोटोंमध्ये ते तीन कापडाचे तुकडेही ठेवा, कुठे काय लावलं होतं तेही खरं खरं लिहा. चिंच, लिंबू, खोबरेल, सगळं. उपचार त्यावरच ठरतात.